मस्टर वाचा, भर चौकात

धाराशिव जिल्ह्यात पथनाट्यांचा तुटवडा नाही. मतदान करा, संडास बांधा, हात धुवा, मुलगी वाचवा, पाणी जपून वापरा, दारू सोडा. बाजाराच्या दिवशी हलगी कडाडते, एका रंगाचे टी-शर्ट घातलेली पाच-सहा पोरं फ्लेक्ससमोर उभी राहतात आणि वीस मिनिटांत एक बेवडा नवरा सुधारून दाखवतात. मग फोटो, प्रयोग झाल्याचा दाखला, त्यावर सही-शिक्का, आणि गाडी पुढच्या गावाला.

या पोरांवर माझा राग नाही. ती चांगली गातात, उन्हात नाचतात आणि मिळेल त्या मानधनावर घर चालवतात. त्या मानधनासाठीही त्यांना महिनोन्‌महिने हेलपाटे मारावे लागतात. माझा राग संहितेवर आहे. असली पथनाट्यं ओळीनं दहा पाहा. दहाही नाटकांत चूक बघणाऱ्याची असते. शेतकरी अडाणी, बाई भित्री, म्हातारी अंधश्रद्धाळू, तरुण व्यसनी. अधिकारी शेवटी येतो आणि योजना सांगतो. नाटकात तो कधीच चुकत नाही.

राजकीय नाटक याच्या उलटं असतं. बघणाऱ्याच्या मनातला आरोपी ते समोर उभा करतं. तो सावकार असेल, सरपंच असेल, घरातला सासरा असेल किंवा कागदावर सही न करणारा बाबू असेल. आपल्याकडं हे बाहेरून आलेलं नाही. जर्मन नाटककार ब्रेख्त जन्मलाही नव्हता तेव्हा, १८५५ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं. गरोदर कुणबी बाईला ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी त्यात त्याच्या धंद्यासकट उभा आहे. नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडं गेलं आणि नाकारलं गेलं. बक्षीस वाटणाऱ्यांना न पचणारं नाटक, अशीच आपल्या राजकीय रंगभूमीची सुरुवात झाली. शेवटी ते कुणबी जोडपं रात्रीच्या शाळेत जायला निघतं. फुल्यांनी त्या जोडप्याला अडाणी म्हणून हिणवलं नाही. त्यांना कुणी आणि कशासाठी अडाणी ठेवलं, ते आधी दाखवलं.

हाच वारसा सत्यशोधक जलशांनी उचलला आणि पुढं आंबेडकरी जलशांनी. तीसच्या दशकात नाशिकच्या भीमराव कर्डकांचा जलसा गावकुसाबाहेरच्या माणसाला त्याच्याच भाषेत सांगत होता, की तुझं वतन हा मान नाही, ती फुकटची वेठ आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली आणि खुद्द बाबासाहेब तिथं आले. परिषदेतली वतनाची चर्चा कायद्याची, आकड्यांची, करांची. ती चर्चा अक्षरओळख नसलेल्या माणसांच्या पोटात उतरायची तर आधी कुणीतरी ती गाऊन, हसवून, चिडवून सांगायला हवी. महाराष्ट्रभर ते काम जलशांनी केलं. तडवळ्याच्या शाळेची इमारत आपण जपली. परिषदेत काय मागितलं होतं ते किती शाळांत सांगितलं जातं?

बार्शी तर आपल्या शिवेवर आहे. अमर शेख तिथले, मेहबूब हुसेन पटेल. बार्शीच्या गिरणीत काम केलेला हा माणूस १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं करतो. त्या पथकानं तमाशाचा साचा घेतला, पण आतलं सामान बदललं. अण्णा भाऊंनी गणपतीचा गण काढून मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन केलं, गवळण गाळली आणि वगात राजाच्या जागी सावकार, शेटजी आणि मंत्री आणून बसवले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ ही नुसती नावं वाचली तरी बोट कुणाकडं आहे ते कळतं. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई सरकारलाही ते कळलं आणि प्रयोगांवर बंदी आली. तरी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हेच आवाज मैदानं भरत होते.

आपल्या जिल्ह्याचा भूगोल बघा. एका बाजूला अमर शेखांची बार्शी, मध्ये तुळजापूरचे गोंधळी आणि त्यांचं संबळ, तेरला गोरोबाकाका. रात्रभर माणसांना जागं ठेवण्याची कला इथल्या मातीत आहे. तिच्याकडून आपण हात धुण्याची जाहिरात करून घेतो.

आता ‘मुलगी वाचवा’ घ्या. सरकारी पथनाट्यात सासू खलनायक असते, सून रडते, डॉक्टरीणबाई समजावतात, विषय संपला. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेसाठी ज्योती म्हापसेकरांनी ‘मुलगी झाली हो’ लिहिलं. ना नेपथ्य, ना पडदा. बायका उभ्या राहतात, गातात, एकमेकींच्या भूमिका घेतात. मुलगी जन्मते तिथून तिच्या लग्नापर्यंत, हुंड्यापर्यंत, जळण्यापर्यंत सगळं समोर घडतं. त्यात सासू आहे, पण तिला सासू बनवणारी व्यवस्थाही आहे. बाप आहे, नवरा आहे, कायदा आहे. घराच्या ओट्यावर, चाळीत, शाळेच्या पटांगणात, कुठंही करता येईल असं ते नाटक होतं. इतर भाषांत गेलं, गावोगावच्या बायकांनी आपापलं म्हणून केलं. प्रयोगानंतर बायका बोलायला लागल्या, आणि ते बोलणं हाच त्या नाटकाचा दुसरा अंक होता. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली निघाल्या. सोनोग्राफीचं यंत्र सासूनं विकत घेतलेलं नव्हतं. यंत्र कुणाचं, पैसे कुणी घेतले आणि तपासणी करणारे कुठं होते, हे प्रश्न विचारणारं पथनाट्य आपल्या चौकात कधी आलं का?

विषय नाहीत, असं कुणी म्हणू नये. आपल्याच जिल्ह्यातला एक विषय सांगतो, तयार नाटक आहे ते.

२०२० चा खरीप. सोयाबीन काढणीला आलेलं आणि परतीच्या पावसानं घातलेला धुमाकूळ. काढून ठेवलेल्या गंजी पाण्यात, उभ्या शेंगांना मोड. विम्याचा हप्ता भरलेला, पावती घरात. आणि नियम असा, की नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कंपनीला कळवा. ज्यांनी कळवलं नाही, त्यांना भरपाई नाही.

हे ७२ तास रंगमंचावर आणा. पहिला दिवस : ओढा पुलावरून वाहतोय, लाइट गेलेली, मोबाइल बंद. शेतकरी शेताच्या बांधापर्यंतही पोचू शकत नाही, कारण वाटच राहिलेली नाही. दुसरा दिवस : चार्जिंगसाठी शेजारच्या वाडीवर. टोल-फ्री नंबर लागत नाही. ॲप उघडत नाही, उघडलं तर फोटो चढत नाही. म्हातारा विचारतो, पाणी दिसतंय ना साऱ्या जिल्ह्याला, मग आपण वेगळं काय सांगायचं? तिसरा दिवस : पोरगा तालुक्याला निघतो, एसटी बंद. घड्याळ चालू आहे. नाटकात घड्याळ हेच मुख्य पात्र ठेवा, एका पोराच्या गळ्यात अडकवा, आणि त्याला प्रत्येक प्रसंगात मध्ये घुसून वेळ सांगू द्या.

पुढचा अंकही घडलेला आहे, तो कल्पनेनं रचावा लागत नाही. शेतकरी गप्प बसले नाहीत, न्यायालयात गेले. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. जिल्ह्यातल्या साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांचा तो प्रश्न होता. अख्ख्या देशातल्या पीकविमाधारकांनी अभ्यासावा असा हा निकाल, उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, मातीतला. त्यावर नाटक? मला तरी कुठल्या चौकात दिसलं नाही. ‘वेळेत विमा काढा’ सांगणारं मात्र दिसलं.

दुसरा विषय. २१ ते २३ एप्रिल २०१७ या दिवसांत उस्मानाबादला ९७ वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन झालं. जयंत सावरकर अध्यक्ष होते. रंगभूमीवर आयुष्य घालवलेला कलावंत, त्यांच्या निवडीचा आनंदच होता. मराठवाड्यातल्या दुष्काळी जिल्ह्यात संमेलन यावं हेही चांगलंच. पण त्याच तीन दिवसांतला मधला दिवस, २२ एप्रिल, हा राज्यातल्या सरकारी तूर खरेदीचा शेवटचा दिवस होता. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये क्विंटल. बाहेर व्यापारी त्याच्या कितीतरी खाली मागत होते. मराठवाड्यातल्या खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा. बारदाना नाही म्हणून माप बंद. माल चाळणीत टाकायचा, दर्जा ठरायचा, टोकन घ्यायचं, मग ट्रॉलीखाली अंथरूण टाकून दिवसामागून दिवस काढायचे. भाड्याच्या ट्रॅक्टरचं भाडं चढतंय, घरी लग्न ठरलेलं, आणि माणूस रांगेत. जूनच्या पहिल्या तारखेला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, त्याचं बियाणं याच रांगांत होतं.

त्या रांगेत नाटक जायला हवं होतं. मांडवातल्या नाटकांबद्दल माझी तक्रार नाही, संमेलनाचं काम संमेलनानं केलं. पण रांगेतल्या माणसाकडं वेळच वेळ होता. त्याला करमणूकही हवी होती आणि प्रश्नही विचारायचा होता. एवढा तयार प्रेक्षक नाटकवाल्यांना पुन्हा कधी मिळणार? आणि गोष्ट शोधायला लांब जायची गरज नव्हती. कळंब तालुक्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचली. भाव पडल्यावर भर बाजारात स्वतःचेच टमाटे पायाखाली तुडवणारा बाप त्यात आहे. ती कथा पुस्तकात धडा म्हणून राहिली आणि परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न झाली. ज्या बाजारानं ती लिहायला लावली, तिथं ती परत यायला हवी. आडतीसमोर, लिलाव चालू असताना.

‘नाटकानं काय होतं?’ हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. विचारणारे बहुतेक असे असतात, ज्यांना काही होऊ नये असं वाटतं. तरी त्याचं उत्तर द्यायला हवं, कारण चळवळीतली चांगली माणसंही थकून तोच प्रश्न विचारतात.

नुसत्या नाटकानं काही होत नाही. नाटक, कागद आणि जमलेली माणसं एकत्र आली की होतं. राजस्थानातली मजदूर किसान शक्ती संघटना बघा. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना या गावी त्यांनी पहिली जनसुनवाई घेतली. काय केलं? मस्टर मोठ्यानं वाचलं. कामावर हजर म्हणून लिहिलेलं एकेक नाव, दिलेली मजुरी, आणि समोर बसलेला तोच माणूस, जो त्या कामावर गेलाच नव्हता. नाव वाचायचं, माणसानं उठायचं, सांगायचं. शंकर सिंह यांच्या कठपुतळ्या आणि गाणी गर्दी जमवायला होती, तिला हसवायला होती, भीती घालवायला होती. पण त्या मांडवातलं सगळ्यात मोठं नाट्य त्या कोरड्या कागदात होतं. तिथून पेटलेल्या आंदोलनातून २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. आपल्या मराठीत मकरंद साठ्यांनी ‘दलपतसिंग येती गावा’ लिहिलं आणि अतुल पेठ्यांनी ते बसवलं ते याच माहितीच्या लढ्यावर.

मस्टर हा शब्द मराठवाड्याला शिकवावा लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आजी-आजोबांनी खडी फोडली, सुकडी आणि लाल मिलो खाल्ली, आणि त्या खडी केंद्रांतूनच रोजगार हमीची योजना उभी राहिली. कामाचा हक्क कायद्यात लिहिणारं पहिलं राज्य आपलं. मग मस्टर चौकात वाचण्याचा मान राजस्थाननं आपल्या आधी का घ्यावा? २००५ च्या केंद्रीय रोजगार कायद्यानं सामाजिक अंकेक्षणाची तरतूद केली, म्हणजे गावानं स्वतः कामाचा हिशेब तपासायचा. बहुतेक गावांत हे अंकेक्षण एका दुपारी, एका टेबलाभोवती, चहाबरोबर उरकतं. तिथं हलगी न्या. विहिरीचं नाव वाचा, लाभार्थ्याचं नाव वाचा, मग सगळ्या गावानं उठून ती विहीर बघायला जायचं. विहीर असेल तर टाळ्या वाजवा. नसेल तर त्याच खड्ड्याच्या नसलेल्या काठावर प्रयोग करा.

आमच्याकडं कलाकार नाहीत, हेही कुणी सांगू नये. जालना जिल्ह्यातलं जांब समर्थ हे गाव आपल्यासारखंच, तीच कोरडवाहू जमीन, तीच लाइटची बोंब. तिथल्या राजकुमार तांगडे यांनी ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ लिहिलं. संकल्पना संभाजी भगतांची, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. २०१२ मध्ये ते रंगमंचावर आलं तेव्हा काम करणारी बरीचशी पोरं शेतात राबणारी होती. महाराजांचा जिरेटोप कुणाच्या डोक्याला बसतो ते शोधत फिरणारा यम आणि मोहल्ल्यातल्या शाहिरांचे सवाल-जवाब. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी हे नाटक गर्दी करून पाहिलं. शिवरायांच्या नावानं रोज होणाऱ्या आरडाओरड्यात या नाटकानं त्यांची रयत पुन्हा पुढं आणली. मराठवाड्याच्या बोलीत आणि हसत-खेळत. एवढ्या धीट गोष्टीला उच्चार सुधारायचे वर्ग लागले नाहीत.

धीटपणाची किंमत मोजावी लागते, हे मी विसरलेलो नाही. १ जानेवारी १९८९ ला दिल्लीजवळ झंडापूरमध्ये जन नाट्य मंचाचा ‘हल्ला बोल’चा प्रयोग चालू असताना गुंड चालून आले. राम बहादूर नावाचा कामगार ठार झाला, जखमी झालेले मंचाचे सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी गेले. ४ जानेवारीला त्याच जागी त्यांच्या पत्नी मोलोयश्री हाश्मींनी सहकाऱ्यांसह तोच प्रयोग पुरा केला. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्यानंतर त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अतुल पेठ्यांच्या मदतीनं रिंगणनाट्यं बसवली आणि गावोगाव नेली. मारणाऱ्यांना वाटलं होतं माणूस गेला की बोलणं थांबेल. कार्यकर्ते रिंगण करून उभे राहिले आणि बोलले.

इंग्रजांनी १८७६ मध्ये नाटकांवर नजर ठेवायला कायदा केला. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त व्हाइसरॉय कर्झन दिसला आणि १९१० मध्ये त्यावर बंदी आली. तो कायदा आपण २०१८ मध्ये पुस्तकातून काढला. आता जिल्ह्याच्या गावात पथनाट्य अडवायला कायद्याची गरजच उरलेली नाही. पथकाचं वर्षभराचं पोट सरकारी यादीत नाव असण्यावर अवलंबून असेल, तर कुठला शाहीर तहसीलदाराच्या नावानं कडवं जुळवील? माझी सगळ्यात मोठी चिंता ही आहे. बंदी आली की निदान बातमी होते. पोरानं स्वतःच ओळ खोडली तर कुणाला कळतही नाही.

म्हणून पैशाची वाट बदला. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात आपल्या महाविद्यालयांची पोरं पथनाट्य आणि जलसा करतात. महिनाभर घासून बसवलेलं, चांगलं धारदार काम असतं. बक्षीस मिळतं किंवा हुकतं, आणि नाटक त्याच रात्री मरतं. त्या पथकांना गाव द्या. जाण्या-येण्याचं भाडं आणि एक वेळचं जेवण गावानं वर्गणीतून द्यावं. जत्रेत कुस्त्यांच्या फडाला आपण वर्गणी काढतो, ही त्याहून लहान रक्कम आहे. यादीत नाव असणाऱ्या शाहिरांनी योजनेचा प्रयोग करावा, घर चालवावं, आणि वर्षातून एक प्रयोग स्वतःच्या संहितेचा करावा. तो गावाच्या पैशानं झाला तर यादीवाल्यांनी त्याकडं डोळे वटारायचं कारण नाही.

तारखाही ठरलेल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. या दिवशी ग्रामसभा असते. झेंडावंदन होतं, पोरं भाषणं करतात, रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात आणि गणसंख्या पुरी होते. येत्या ग्रामसभेला झेंडावंदनानंतर माणसं पांगायच्या आत हलगी वाजवा. २० मिनिटांचं नाटक करा, जास्त नको. विषय एकच घ्या : विमा, विहीर, टँकर, रेशन, जे त्या गावाचं दुखणं असेल ते. माहिती अधिकारात आधीच कागद काढून ठेवा आणि शेवटचा प्रसंग म्हणून तोच वाचा. जिच्या नावावर काम दाखवलंय ती बाई समोर बसलेली असेल, तर तिचा संवाद तिलाच म्हणू द्या. ग्रामसभेत प्रश्न विचारायला मतदाराला कुणाची परवानगी काढावी लागत नाही. ग्रामसेवकांनी तिचं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्यावं, आणि सभा उठण्याआधी ते मोठ्यानं वाचून दाखवावं.